इतिवृत्तात नसलेलं वाक्य

तीन वर्षांपूर्वी, एप्रिलमधल्या एका मंगळवारी, नगरमधल्या एका बैठकीत वैशाली दरेकर हिने स्वतः बनवलेल्या यंत्राबद्दल एक इशारा दिला. त्या बैठकीचं इतिवृत्त मी लिहिलं. इतिवृत्तात तो इशारा नाही.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्यांच्याबरोबर बावीस वर्षं एका टेबलावर बातम्या लिहिल्या, त्या मित्रांनाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं जात नाहीये. मी सवयीने पुन्हा पुन्हा वाक्यं तपासतोय — कोण, कुठे, केव्हा — आणि 'का' आलं की थांबतोय.

तर आधी कोण आणि कुठे.

मी बातमीदार होतो. दैनिकाची जिल्हा आवृत्ती बंद झाली तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. नगरमध्ये त्या सुमारास एक केंद्र सुरू झालं होतं. बदलत्या हवामानाला तोंड देणारी यंत्रं बनवणाऱ्या इथल्या लहान स्टार्टअपना जागा द्यायची, सल्ला द्यायचा, पहिलं मोठं काम मिळवून द्यायचं, हे त्याचं काम. मला तिथे दस्तऐवज अधिकारी म्हणून घेतलं. भेटींचे अहवाल, बैठकांची इतिवृत्तं आणि यशकथा लिहायच्या. यशकथा हा तिथला शब्द. मी तो तीन दिवसांत शिकलो.

वैशाली श्रीगोंद्याची. तिचे चुलते — सगळे त्यांना नाना म्हणतात — तिथे टीव्ही आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान चालवतात. तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत कंपनी काढली. कंपनी म्हणजे ती, नाना आणि सोल्डरिंगचे डाग द्यायचं एक टेबल.

यंत्र कांद्याच्या चाळीसाठी होतं. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरतात. जमिनीपासून उचललेलं, फटीफटींच्या भिंतींचं ते लांबट कोठार; हवा खेळती राहावी म्हणून तसं बांधलेलं. कांदा दिवाळीपर्यंत तिथे राहतो — राहिला तर. उन्हाळे जास्त तापायला लागले, अवेळी पाऊस वाढला, तसा तो राहिनासा झाला. ढिगाच्या पोटात एक कांदा सडतो आणि वास बाहेर येईपर्यंत शेजारचे कितीतरी गेलेले असतात. वैशालीचा डबा ढिगाच्या आतच तो वास ओळखायचा आणि चाळीखालचे पंखे सुरू करायचा. वरच्या सौर पॅनेलवर सगळं चालायचं. केंद्राच्या कागदांवर त्याला लांबलचक नाव होतं. ती त्याला 'नाक' म्हणायची.

आदल्या वर्षी तिने श्रीगोंद्यातल्या दोन चाळींत नाक बसवलं होतं. कांदा टिकला. मी दोनदा जाऊन पाहिलं, अहवाल लिहिला, आणि तो अहवाल खरा होता. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात मीच एक वाक्य लिहिलं होतं: यंदा या भागात पाऊस नाममात्र झाला. लिहिलं आणि विसरून गेलो. बातमीदार असंच करतो — छापून झालेलं डोक्यातून काढून टाकतो.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात समारंभाची बातमी समारंभाच्या आधी लिहितात. निमंत्रणपत्रिका समोर ठेवायची. अध्यक्ष अमुक, प्रमुख पाहुणे तमुक, मान्यवरांनी मनोगत व्यक्त केले, आभार मानले, ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते. मग कार्यक्रमाला जायचं ते फोटोसाठी. आम्ही सगळेच तसं करायचो. नाहीतर संध्याकाळी सात समारंभ एका माणसाने लिहायचे कसे? एकदा माझे प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. माझ्या बातमीत मात्र त्यांनी तरुणांना मोलाचं मार्गदर्शन केलं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती आली. ऑफिसात पुढे आठवडाभर जो भेटेल तो विचारायचा, "काय रे, मार्गदर्शन काय केलं त्यांनी? आम्हालाही सांग की."

मीही हसायचो. वर्तमानपत्राला दुसरा दिवस असतो. चुकलं तर दुरुस्ती छापता येते.

ती एप्रिलची बैठक विस्ताराची होती. दोन चाळींवरून साठ चाळी, सगळ्या जिल्ह्यात, त्याच हंगामात. निधी देणाऱ्या कंपनीचे दोन पाहुणे पुण्याहून येणार होते. आदल्या दिवशी संचालक माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "पाहुण्यांना पुढे शिर्डीला जायचंय, जेवायलाही थांबणार नाहीत. सह्या तिथल्या तिथे झाल्या पाहिजेत. इतिवृत्त तयार ठेवा."

मी तयार ठेवलं. विषयपत्रिका समोर ठेवली आणि दुपारीच लिहून काढलं. विषय क्रमांक चार: यंत्राचा जिल्हाभर विस्तार. सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. चर्चा दुसऱ्या दिवशी व्हायची होती. तीन प्रती छापल्या, फाइलमध्ये लावल्या. कोणी सक्ती केली नव्हती. मला ते चुकीचंही वाटलं नव्हतं.

बैठकीत चौथा विषय आला. संचालकांनी वैशालीला दोन शब्द बोलायला सांगितले. ती उभी राहिली. कागद नव्हता हातात. तिने सांगितलं की चाचणी कोरड्या वर्षात झाली आहे. यंत्राला ढिगातला वास कळतो, बाहेरच्या हवेतलं पाणी कळत नाही. श्रावणातली ओली हवा पंख्याने आत ओढली तर सड वाढेल, सड वाढली की डबा पंखा आणखी चालवेल. "एक पावसाळा द्या मला. मग साठ काय, सहाशे करा."

संचालक हसले. "अगं, यंत्र तुझं आणि घाबरतेस तू?"

पाहुण्यांपैकी एकजण म्हणाले, "एवढा विनय बरा नाही हं. आमच्याकडे येणारे तर आधी आकाश दाखवतात."

सगळे हसले. मीही हसलो असेन.

"विनय नाही सर," ती म्हणाली. "पंखा नको त्या वेळी चालला तर कांदा वाचायचा बाजूलाच, लवकर जाईल."

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. संचालक म्हणाले, ते बसवताना बघून घेऊ, आणि पाचवा विषय घेतला.

तिचं बोलणं मी माझ्या वहीत उतरवलं होतं. लाल पुठ्ठ्याची लांबट वही. त्यात विचार नव्हता, हाताची सवय होती. कानावर पडेल ते हात लिहितो. वहीच्या खाली ती फाइल होती, तीन छापील प्रतींची. एक वाक्य घालायचं होतं. प्रिंटर शेजारच्या खोलीत होता. किती वेळ लागला असता? मी उठलोसुद्धा. मला आठवतं, मी उठलो ते प्रिंटरकडे जायला. खुर्ची मागे सरकवली, फाइल उचलली — आणि पाहुण्यांपुढे ठेवली. त्यांच्याजवळ पेन नव्हतं. मी माझं दिलं.

हजेरीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या होत्या, वैशालीचीही. तो कागद मी नेहमीप्रमाणे इतिवृत्ताला टाचला. त्या टाचणीकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही.

इतिवृत्तालाही दुसरा दिवस असतो, हे मला माहीत होतं. पुढच्या बैठकीचा पहिला विषय कायम एकच: मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. जूनच्या आरंभी ती बैठक झाली. फक्त केंद्राच्या समितीची. वैशाली तेव्हा राहात्याकडे एका चाळीखाली पंखे बसवत होती. मी इतिवृत्त मोठ्याने वाचलं. चौथ्या विषयापाशी आवाज अडकला नाही. कोणाची काही दुरुस्ती? संचालकांनी विचारलं. मी समितीकडे पाहिलं. कोणाची नव्हती. कायम.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. लोक आनंदात होते.

ऑगस्टमध्ये पुणतांब्याहून फोन आला. मी आणि वैशाली केंद्राच्या गाडीने गेलो. रावसाहेब नावाचे एक शेतकरी, त्यांची बायको मंदाबाई, गोदावरीपासून फार लांब नसलेलं शेत. हवा इतकी ओली की चष्मा पुसावा लागत होता. चाळीपासून पन्नास पावलांवर वास आला. पंखे चालू होते. सगळे, पूर्ण वेगाने.

"रातंदिस फिरत्यात ह्ये," मंदाबाई म्हणाल्या. "बंदच व्हईनात. आमाला वाटलं, चांगलंच काम करत्यात की."

रावसाहेबांनी फळी काढली. आतला कांदा घरंगळला, आणि त्यातला निम्मा घरंगळण्यासारखा राहिला नव्हता. ते चिडले नव्हते. त्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे बघून, मी साहेब दिसत होतो म्हणून माझ्याकडे बघून, म्हणाले, "आवं, आमचा आजा नुसता चाळीच्या कडंनं चालला की सांगायचा, हितं खराब झालंय. आमीबी तसंच वळखायचो. तुमचा डबा आला आन् आमी आमचं नाक वापरायचंच सोडलं बघा."

वैशाली चाळीखाली वाकली आणि तारा हाताने ओढून काढल्या. पंखे थांबले. ती उठली तेव्हा गुडघ्यांना चिखल होता. "माझं चुकलं काका," ती म्हणाली. "आधीच बंद ठेवायला पायजे होतं."

"तुजं कसलं चुकतंय पोरी," मंदाबाई म्हणाल्या. "तू काय पाऊस आनला व्हय?"

मी बाजूला उभा होतो. 'मी एप्रिलमध्ये सांगितलं होतं,' असं ती त्या दोघांना म्हणाली नाही. परतीच्या रस्त्यावर मलाही म्हणाली नाही. तिची खात्री असणार की ते कागदावर आहे. कागदावर असलेली गोष्ट शेताच्या बांधावर कशाला सांगायची?

साठपैकी किती चाळींत कांदा गेला, ते आकडे केंद्राकडे आहेत. मी स्वतः अकरा पाहिल्या, म्हणून अकरांबद्दलच सांगू शकतो. अकरांपैकी नऊ.

सप्टेंबरमध्ये केंद्रात बैठक लागली. शेतकऱ्यांकडून रावसाहेब आणि आणखी चौघं. संचालक. पुण्याचे पाहुणे पडद्यावर. वैशाली आली, सोबत नाना. मी नेहमीच्या जागी, पायाशी पिशवी, पिशवीत लाल वही.

संचालक म्हणाले, संस्थापकाने जोखीम आधी सांगायला हवी होती. वैशाली शांतपणे म्हणाली, "सांगितली होती सर. एप्रिलमध्ये, ह्याच खोलीत." संचालकांनी इतिवृत्त मागवलं. मी फाइल दिली. त्यांनी चौथा विषय वाचला, मग पान उलटलं आणि हजेरीचा कागद तिच्याकडे वळवला. "सर्वानुमते आहे. ही सही तुमचीच ना?"

तिने सही पाहिली. मग माझ्याकडे वळली. "सर लिहीत होते. लाल वहीत. मी बघितलंय त्यांना लिहिताना."

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. पडद्यावरचे पाहुणेसुद्धा. मी म्हणालो, "इतिवृत्तात तशी नोंद नाही."

वाक्य खरं होतं. तपासून पाहा, त्यात एकही शब्द खोटा नाही. बावीस वर्षं मी असलीच वाक्यं घडवत आलो होतो. ज्यावर कोणी नोटीस पाठवू शकणार नाही, अशी. आणि आजवर स्वतःशी ही गोष्ट सांगताना मी नेहमी इथेच थांबत आलोय. जणू माझ्या हातून एवढंच झालं — एक खरं वाक्य, जरा अपुरं.

ते तिथे थांबलं नव्हतं. रावसाहेबांना माझं उत्तर पुरलं नाही. ते म्हणाले, "कागदाचं ऱ्हाऊ द्या साहेब. पोरगी बोल्ली हुती का न्हाई, त्येवढं सांगा."

साधा प्रश्न होता. विचारणाऱ्याचा कांदा गेला होता आणि तरीही तो तिच्या बाजूने विचारत होता. वही माझ्या उजव्या पायाला लागत होती.

मी म्हणालो, "नाही. असं काही बोलणं झालं नव्हतं."

वैशाली माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. पिशवीकडे बघत होती. नानांनी तिच्या खांद्याला हात लावला, "चल गं." जाताना दाराशी ते माझ्यापाशी थांबले. "तुमी पेपरात हुता ना साहेब?" मी हो म्हणालो. "मंग बराबर हाय," नाना म्हणाले आणि जिना उतरले.

त्याच दुपारी संचालकांनी मला पत्राचा मसुदा करायला सांगितला. संस्थापकाने संभाव्य जोखमीची पूर्वकल्पना दिली नाही, सबब सहकार्य थांबवण्यात येत आहे. 'सबब' माझा. सगळं वाक्यच माझं. पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरातल्या अशाच एका केंद्राने आमच्याकडे वैशालीबद्दल विचारणा केली. तिने तिथे अर्ज केला होता. उत्तर मी पाठवलं. नवीन काही लिहिलं नाही, त्याच पत्राची प्रत जोडली. तेव्हा मला कोणी घाई करत नव्हतं. पाहुणे नव्हते, घड्याळ नव्हतं, खोलीत कोणीही नव्हतं. मग ते का केलं? याचं उत्तर माझ्याजवळ आहे आणि ते लहान आहे. पहिली नोंद चुकीची म्हणायची, तर ती मी केली होती.

गेल्या वर्षी मी केंद्र सोडलं. निरोपाच्या भाषणात संचालक म्हणाले, यांच्या नोंदीत कधी काही सुटलं नाही. मी आभार मानले.

त्यानंतर, ऑक्टोबरअखेर, मी श्रीगोंद्याला गेलो. उसाचे ट्रॅक्टर अजून सुरू झाले नव्हते, रस्ता मोकळा होता. दुकान तिथेच आहे. वैशाली एका मोटारीची कॉईल भरत होती. मला पाहून उठली, स्टूल पुढे केलं, नानांनी समोर हात करून चहा सांगितला. काय काम आहे असं दोघांनी विचारलं नाही. तिने टेबलावरून काडेपेटीएवढी एक वस्तू उचलून दाखवली. हे चाळीच्या बाहेर लावायचं. बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असली की पंखा चालूच होत नाही. "एवढंच होतं सर. एका पावसाळ्याचं काम."

मी विचारलं, कुठे लावलंय? म्हणाली, त्या पहिल्या दोन चाळींत. ती दोन माणसं सोडून गेली नाहीत. बाकी ठिकाणी आधी केंद्राचं पत्र पोचतं आणि मागून ती.

"आमचंच नाक कापलं गेलं," नाना म्हणाले आणि स्वतःच मोठ्याने हसले. ती हसली नाही.

वही त्याही दिवशी माझ्या पिशवीत होती. बाहेर काढायला म्हणूनच नेली होती. काढली नाही. चहा संपला, मी उठलो. दुकानाच्या पायरीपर्यंत ती आली.

"लाल वही आहे का अजून?"

मी म्हणालो, "आहे."

"जपून ठेवा," ती म्हणाली. "ओल्या हवेत कागद टिकत नाही." आणि आत गेली.

वही माझ्याजवळ आहे. कागद टिकला आहे. उजव्या हाताचं पान, वरून सहावी ओळ, निळी शाई, माझं अक्षर: वै. — चाचणी कोरड्या वर्षात. बाहेरची हवा ओली तर पंखा उलटं काम करेल. एक पावसाळा द्या म्हणते. त्याखाली, दुसऱ्यांदा: विनय नाही, कांदा लवकर जाईल. समासात पाहुण्यांचं नाव आणि 'शिर्डी'.

त्या दिवशी दुकानातून निघून मी दोन्ही चाळींवर गेलो. त्या वर्षी श्रीगोंद्यातही पाऊस भरपूर झाला होता. पहिली चाळ रिकामी होत आली होती, दुसरीच्या फळ्या माझ्यासमोर काढल्या. मी वास घेतला. हात घालून तळापर्यंत पाहिलं. कांदा कोरडा होता, साल वाजत होती.

ते यंत्र आज जिल्ह्यात दोन चाळींत चालू आहे.